जोडून घडवलेल्या छायाचित्रांवर नेमके बोलावे

महोदय,

जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आमच्या शहरात भरलेल्या प्रदर्शनाचा वृत्तान्त आपल्या दैनिकात वाचला. निरनिराळी छायाचित्रे संगणकावर जोडून घडवलेल्या चित्रांविषयी त्यात ‘थक्क करणारी करामत’ एवढेच म्हटले होते. प्रदर्शनानंतरच्या चर्चेत परीक्षकांनी हीच चित्रे ‘हे छायाचित्रणच नव्हे’ असे म्हणून बाजूला सारली. ती घडवणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हाती या दोहोंतून काहीच पडले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परीक्षकांचा आक्षेप संगणकापेक्षा बराच जुना आहे. इंग्लंडमधील छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केले, तेव्हाही हा वाद झाला होता. त्याच सुमारास फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे समुद्र एका काचेच्या निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्या काचेवरून छापत असत, कारण त्या काळच्या, कलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचेवर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होई आणि समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक पडे. आपल्या मुंबईतही छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत शहरातील निरनिराळ्या जातीजमातींची माणसे स्टुडिओत टिपून ती बाहेरच्या दृश्यांवर बसवली होती. मी स्वतः चाळीस वर्षे स्टुडिओ चालवला. लग्नाच्या ग्रुप फोटोत न आलेल्या काकांना मागच्या रांगेत उभे करणे, किंवा दिवंगत वडिलांचा एकही स्वतंत्र फोटो नाही म्हणून जुन्या ग्रुपमधून चेहरा उचलून त्याला कोट-फेटा चढवणे, ही कामे तेव्हा नित्याची होती, आणि त्याला खोटेपणा म्हणणारे गिऱ्हाईक मला तरी भेटले नाही.

प्रदर्शनातील एका चित्राचे उदाहरण देतो. दिवे घाटातून चढणारे वारकरी आणि त्यांच्यामागे आभाळाचा मोठा भाग व्यापणारा पूर्ण चंद्र, असे ते दृश्य होते. पालखी या घाटातून ज्येष्ठ वद्य पक्षात जाते, तेव्हा पौर्णिमा कशी असेल, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी केला आणि सभागृहात हशा पिकला. प्रश्न योग्यच होता, पण हशाने तो वाया गेला. वृत्तछायाचित्रात ही चूक अक्षम्य ठरली असती. इथे मात्र तो चंद्र कल्पनेचा म्हणून मुद्दाम आणला आहे की तिथीचे भानच राहिले नाही, हे ते चित्र घडवणाऱ्या मुलीला आधी विचारायला हवे होते, कारण पुढचा सगळा अभिप्राय तिच्या उत्तरावर अवलंबून होता.

त्यानंतर चित्रातील अडचणी दाखवता आल्या असत्या आणि त्या खऱ्याच होत्या. उजेड चंद्राचा मानला तर तो पाठीमागून येतो, म्हणजे चेहरे अंधारात जायला हवेत, पताकांच्या आणि टाळांच्या कडा उजळायला हव्यात आणि सावल्या बघणाऱ्याच्या दिशेने पडायला हव्यात. चित्रात चेहऱ्यांवर डावीकडून आलेले दुपारचे ऊन तसेच होते. एका पताकेभोवती मूळच्या दिवसाच्या आकाशाची पांढरी रेघ राहून गेली होती, ती मास्कची, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग ठेवून बाकीचा झाकणाऱ्या आकाराची, कड थोडी आत घेतली असती तर निघाली असती. चंद्राच्या आकाराचे म्हणाल, तर 24 मिमीच्या, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने घेतलेल्या फुल-फ्रेम (36 मिमी रुंद) चौकटीत तो रुंदीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान येतो, तर 400 मिमीच्या लांब लेन्सने साधारण दहावा भाग व्यापतो. एवढा मोठा चंद्र हवाच असेल, तर वारकरीही दुरून, लांब लेन्सने टिपलेले असावेत, म्हणजे माणसे आणि डोंगर एकमेकांना बिलगून दिसतील आणि डोळ्याला तो चंद्र परका वाटणार नाही. हे ऐकून ती मुलगी त्याच रात्री घरी जाऊन चित्र पुन्हा उघडून बसली असती. ‘अप्रतिम’ ऐकून कोणी तसे करत नाही आणि ‘खोटे’ ऐकून तर नाहीच.

याचा अर्थ कोणत्याही चित्रात काहीही जोडावे असा नाही. निसर्ग आणि वृत्त या विभागांत जोडकामाला थारा नसावा. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, त्यावर उठलेले काहूर रास्तच होते, कारण वाचकाने ते चित्र जसे टिपले तसेच म्हणून पाहिले होते. कल्पनाचित्राच्या विभागात चित्रकाराने जोडकाम आधीच कबूल केलेले असते. तिथे फसवणुकीचा आरोप करण्याऐवजी ते जोडकाम साधले की नाही आणि त्यातून चित्राला काय मिळाले, हे परीक्षकांनी सांगावे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. असे चित्र छापताना त्याखाली ‘अनेक छायाचित्रे जोडून घडवलेले’ एवढी ओळ अवश्य द्यावी. आणि पुढील वर्षी प्रदर्शनाचा वृत्तान्त देताना निदान एका चित्रावर, त्यातील उजेड कुठून येतो इथपासून सुरुवात करून, सविस्तर परिच्छेद लिहवून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, सातारा