वायूकडे आधी पाहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख एका ओळीत उरकला गेला, याची मला तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हे आभार सर्वांसमक्ष मानत आहे.

क्ष-किरणाचा आघात नेमका कुठे झाला हे सांगणारा छोटा प्रपोर्शनल काउंटर, म्हणजे वायू भरलेले आणि आत तार ताणलेले शोधक उपकरण, मी प्रयोगशाळेत जुळवत होते. चाचणीसाठी वापरलेल्या लोह-५५ या किरणोत्सारी स्रोताचे, ऊर्जेच्या आलेखातले ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर दिवसागणिक खाली सरकत आणि पसरत चालले होते, आणि मी आठवडाभर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष शोधत होते. तुम्ही दाबमापकाकडे पाहून एवढेच म्हणालात, "आधी वायू बघ." गळती एका ओ-रिंगमध्ये, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणाऱ्या कड्यात, होती. एक क्ष-किरण आर्गॉनमधून साधारण २२० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, ते तारेपर्यंत पोहोचले तरच तिथे त्यांची हजारो पटींनी वाढ होते, आणि आत शिरलेला ऑक्सिजन त्यांना वाटेतच गिळतो, हे तुम्ही वहीत आकृती काढून समजावलेत. विद्युतरोध असलेल्या तारेच्या दोन टोकांना किती विद्युतभार मिळाला, या प्रमाणावरून आघाताची जागा ठरते. भार घटला की गोंगाट वरचढ होतो आणि प्रतिमा धूसर होते. ऊर्जेची नोंद आणि प्रतिमेची स्पष्टता ही दोन्ही वायूच्या शुद्धतेवर उभी आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

नंतर वाचलेल्या प्रत्येक मोहिमेत मला तुमचेच वाक्य दिसत राहिले. १९९० मध्ये सोडलेल्या जर्मन रोसॅट दुर्बिणीतील प्रतिमा टिपणाऱ्या काउंटरची खिडकी इतकी पातळ होती की तिच्यातून वायू सतत झिरपत असे. तो टाकीतून भरून काढावा लागे, आणि १९९४ मध्ये साठा संपत आल्यावर त्याचा नियमित वापर थांबवावा लागला. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले झेनॉनचे तीन मोठे काउंटर आहेत. ते प्रतिमा घेत नाहीत, तरीही वायू शुद्ध करण्याची सोय त्यांच्यासाठी उपग्रहावरच केलेली आहे. ही सोय कशासाठी, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

ओ-रिंग बदलल्यावर रात्री उशिरापर्यंत पंप चालू ठेवून, दर अर्ध्या तासाने दाब लिहीत तुम्ही माझ्यासोबत थांबलात. ते तुमचे काम नव्हते. त्या नोंदींची पाने मी जपून ठेवली आहेत.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी