सनद आणि साडेतीन एकर

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की बारावीनंतर लॉची सीईटी देणार. मी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला. रागावलो नव्हतो गं. मला फोनवर लांबण लावता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझं पहिलं कारण, तुला वाद घालता येतो. ते घरात कुणी नाकारणार नाही! पण बावीस वर्षं कोर्टाच्या नोटिसा बजावणाऱ्या बेलिफाची नोकरी करतोय, नुसत्या वादाने दावा जिंकलेला वकील मला आठवत नाही. आमच्याकडे एक म्हातारे वकील आहेत. उलटतपासात चार प्रश्न विचारतात आणि बसतात. त्या चार प्रश्नांसाठी आदल्या रात्री चाळीस वर्षांचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदींतले बदल, वाचलेले असतात. साक्षीदारावर खेकसणारी पोरं वेगळी. ती खेकसत असताना साक्षीदार सावरून घेतो. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासाला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी सोडून खाली बसले. पुढे राजकोटला लोकांचे अर्ज लिहून देत. म्हणजे तोंड बंद पडलं तरी वकिली सुरू होते, लिहिता आलं नाही तर मात्र नाही.

गणित नको म्हणून लॉ, हे दुसरं. तुझ्या आत्याचा हिस्सा एक नवमांश की एक अठरांश, यावर आपल्याच दाव्यात दोन तारखा गेल्यात.

तिसरं कारण तू मला सांगितलं नाहीस, आईने सांगितलं. "सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली की आजोबांची साडेतीन एकर मी सोडवणार," असं तू म्हणालीस. ते ऐकून त्या रात्री झोप लागली नाही.

तो वाटपाचा दावा आजोबांनी घातला. ते गेले, मग त्यांच्या जागी आम्ही वारस म्हणून दाव्यात लागलो. चुलतआजोबा गेले, मग त्यांचे वारस लावायचे. त्याला नव्वद दिवसांची मुदत, मग सगळ्यांना नव्याने नोटिसा. त्या मी बजावणं बरोबर नव्हतं, म्हणून दुसरा बेलीफ गेला. काकूने घ्यायला नकार दिला, त्याने दारावर डकवली. पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणाला. मला तरी कुठे विचारलं असतं? उद्या हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, आपल्या बाजूने झाला तरी शेतजमीन म्हणून प्रत्यक्ष वाटप करायला तो कलेक्टरकडे जाणार, मग मोजणी, मग बांधावर पुन्हा तीच माणसं समोरासमोर.

आणि ज्यात आपलाच पैशाचा हितसंबंध आहे अशा दाव्यात वकील म्हणून उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वडिलोपार्जित जमीन आहे, 2005 च्या कायदादुरुस्तीमुळे मुलगी म्हणून तुझाही त्यात जन्मापासूनचा हिस्सा धरतात. पक्षकार म्हणून स्वतः बोलायचं असेल तर सनद लागतच नाही. म्हणजे ज्या दाव्यासाठी तू पाच वर्षं शिकणार, नेमका तोच तुला वकील म्हणून चालवता येणार नाही.

पैशाचंही सांगतो. आधी बार कौन्सिलची परीक्षा, मग काही वर्षं सिनिअरच्या मागे फायली आणि नकलेचे अर्ज. ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना 15000 द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 साली केली. ती आमच्या बाररूममध्ये कुणीतरी मोठ्याने वाचली, तेव्हा सिनिअरही हसले आणि ज्युनिअरही.

शेवटचा पेपर झाला की लगेच ये. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते, त्याच्या आत. सोमवारी ये, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांची यादी, भरलेला असतो. मागच्या बाकावर बस. पुढची तारीख पडलेला माणूस दाराबाहेर येऊन आपल्या वकिलाला काय विचारतो ते ऐक, आणि वकील त्याला काय सांगतो तेही. संध्याकाळी स्टँडवर चहा घेऊ. सीईटीच्या फॉर्मचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत, ते आईकडे आहेत.

तुझा,
बाबा