गाडी ठरवली आहे, बुधवारी सकाळी सहाला

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गाडी ठरवून पैसेही भरून टाकलेत, तेव्हा बाबा, "कशाला एवढा खर्च" हे आता म्हणायचं नाही. बुधवार ते शनिवार, चार दिवसांची विज्ञान बघायची सहल. मी सोबत नाही याचं वाईट वाटतंय. रजा मागितली होती, मिळाली नाही. माझ्यासाठी थांबायचं तर ऊन लागेल. मग लोणारच्या काठावर उभं राहवणार नाही आणि पाणचक्कीचं पाणीही आटत जातं. म्हणून चिनूला सोबत पाठवतेय. तुम्ही वर्गात खडूने काढायचात ते सगळं तिला जागेवर उभं राहून दाखवा.

नागपूरचं रमण विज्ञान केंद्र किंवा वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र का नको, हे विचाराल. दोन्ही छान आहेत, पण लांबचा प्रवास आणि दिवसभर दालनांतून उभ्याने हिंडणं आईच्या गुडघ्याला झेपणार नाही. आपल्याकडचं विज्ञान गावोगाव पसरलंय. थोडं बघायचं, गाडीत टेकायचं, पुन्हा थोडं बघायचं. जिंतूरहून हेच सोयीचं.

बुधवारी औंढा. आधी नागनाथ, गर्दी वाढायच्या आत. आई, गाभारा खाली आहे, वाट अरुंद आणि पायऱ्या उंच. गुडघा नको म्हणाला तर वरूनच हात जोड. मग बाबा, दुधाळ्याच्या बाजूला एक चक्कर. लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राची, जागा तिथे आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, तेव्हा पहारेकऱ्याशी वाद घालू नका, बाहेरूनच चिनूला समजावा. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर. लेसरचा किरण दुभागून दोन्हींत जातो आणि आरशांवरून परततो. गुरुत्वीय लहर, म्हणजे दूरवरून येणारा अवकाशाचाच तरंग, आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी अशी पहिली लहर पकडली. दोनच यंत्रं असली की लहर कुठून आली ते नीट सांगता येत नाही, म्हणून दूरवर आणखी एक हवं. ते इथे उभारायला एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींना मंजुरी मिळाली.

आई, 10 जुलै 2024 ला सकाळी मांडणीवरची भांडी वाजली तेव्हापासून हिंगोलीचं नाव काढलं की तू दचकतेस. तो भूकंपाचा धक्का 4.5 चा होता. त्यात किल्लारीची रात्र आठवणं साहजिक आहे, पण म्हणून औंढ्याला जाणं टाळू नकोस. बाबा, आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांना टांगतात हे तिला सांगा. जमिनीची थरथर प्रत्येक टप्प्यावर कमी होत जाते. संध्याकाळी घरी, आपापल्या अंथरुणात.

गुरुवारी मंठ्यावरून लोणार. जिल्हा बुलढाणा, पण आपल्याला दारातच. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेला खड्डा, तोंडाचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. वय एका पद्धतीने 52 हजार वर्षं निघतं, दुसरीने साधारण 5 लाख 70 हजार. चिनूला दोन्ही सांगा, एकच पाठ करायला लावू नका. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं ते खारटपणा वाढून मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले म्हणून. खाली तळ्यापर्यंत कोणीही उतरायचं नाही, बाबा तुम्हीसुद्धा नाही. चढताना दम लागतो. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, तिथे निवांत बसा. मुक्काम जालन्याला मावशीकडे. तिला गरम पाण्याचं आणि आईला खाली झोपवायचं नाही हे सांगून ठेवलंय.

शुक्रवारी संभाजीनगर, आणि त्यात पाणचक्की घाईने उरकायची नाही. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून, मधला सखल भाग ओलांडून इथवर आणलंय. उगम उंचावर, म्हणून नळ खाली उतरून पुन्हा वर चढला तरी पाणी चढतं. शहरातल्या जुन्या नहरींवर, म्हणजे पाणी आणणाऱ्या अशा नळांवर, मध्ये मध्ये उंच मनोरे आहेत, ते नळात कोंडलेली हवा सोडायला. बाबा, गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी, दोनेक मीटर, बरोबर घ्या. पाण्याने भरून दोन्ही टोकं वर धरा, पाणी एकाच पातळीला येईल. मग मुद्दाम एक मोठा बुडबुडा आत ठेवा. पातळ्या जुळायच्या नाहीत. मनोरे कशासाठी, ते चिनू स्वतःच सांगेल. आई, हौदाच्या खाली दालन आहे, वर पाणी असल्याने गार असतं. तू तिथे टेक.

तिथून एमजीएमच्या आवारातलं अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्र. शाळांच्या सहली असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. अंधारात काही दाखवत असतील तर दिवे असतानाच जागा धरा, आणि संपल्यावर दिवे पूर्ण लागेपर्यंत आईला उठू देऊ नका.

शनिवारी पैठण. नाथांची समाधी, मग जायकवाडी. 1965 ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, 1976 ला इंदिराजींनी लोकार्पण. 27 दरवाजे. आपल्या येलदरी धरणावर 7.5 मेगावॅटचे तीन संच आहेत, ते फक्त वीज करतात. इथला 12 मेगावॅटचा एकच संच, पण उलटा फिरवला की पंप होतो आणि खालचं पाणी पुन्हा वर चढवतो. अशा योजनांत चढवायला जेवढी वीज जाते त्यातला पाऊण भाग परत मिळतो. वीजघरात परवानगीशिवाय सोडत नाहीत, वाट बघत उन्हात उभे राहू नका.

आता ऐका. दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आईने करायची नाही. वहिनी देणार आहे. बाबा, शुगरची गोळी घेऊन जेवण पुढे ढकललं असं एकदाही व्हायला नको. घाम आला, हात थरथरले की लगेच तीन चमचे साखर पाण्यात. पुडी शर्टाच्या खिशात हवी, डिकीतल्या पिशवीत नको. आई, गुडघ्याचा पट्टा गाडीत सैल कर, उतरताना घट्ट. दर दीड तासाला गाडी थांबवायची, हे चालकाला मी सांगितलंय. त्यालाही तुमच्यासोबत जेवायला बसवा.

रात्री आठला फोन करते. उचला.

तुमची,
बबी