जुनी रेल्वेचित्रे चौकट उघडूनच घ्यावीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून येणारे लेख मी आवडीने वाचतो. त्यांत रेल्वेच्या इतिहासाची चौकटीत बसवलेली मुद्राचित्रे (छापील चित्रे) आली की ‘दुर्मीळ’ हे विशेषण फारच सढळ हाताने वापरले जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. असे चित्र घेण्यापूर्वी ते चौकटीबाहेर काढून दाखवण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा आणि विक्रेता टाळाटाळ करू लागल्यास व्यवहार तिथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कच्या ‘करियर अँड आइव्ह्ज’ या प्रसिद्ध प्रकाशन संस्थेचेच पाहा. नॅथॅनियल करियर यांनी १८३४ मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायात १८५७ मध्ये जेम्स मेरिट आइव्ह्ज भागीदार झाले आणि १९०७ मध्ये तो बंद पडला. चित्र दगडावरून काळ्या शाईत छापायचे आणि मग कारागीर स्त्रियांकडून ते हाताने रंगवून घ्यायचे, अशी तेथील बहुतेक कामाची रीत होती. पुढे विसाव्या शतकात या चित्रांच्या नकला कॅलेंडरांवरसुद्धा निघाल्या आणि त्यांतली एखादी पिवळी पडलेली प्रत काचेआड बेमालूम अस्सल वाटते. भिंगाखाली मात्र बिंग फुटते; अस्सल शिळाछापात दगडावर चित्र काढणाऱ्या खडूचा ओबडधोबड रवा दिसतो, तर नकलेत ओळीने मांडलेले बारीक ठिपके.

१८४२ पासून निघू लागलेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकातील कोरीव ठशांची गोष्ट वेगळी आहे. लाकडाचे लहान ठोकळे एकत्र जोडून मोठे चित्र कोरले जाई, त्यामुळे सांध्यांच्या जागी पुष्कळदा केसाएवढी पांढरी रेघ राहून गेलेली आढळते, आणि पाठीमागे बातम्यांचा मजकूर असतो. त्या काळच्या अंकांतली ही चित्रे सामान्यतः काळी-पांढरीच असल्याने, त्यांवर रंग दिसला तर तो मागाहून कोणीतरी चढवलेला आहे असे समजावे. रंगवण्यात गैर काही नाही. ते लपवण्यात आहे.

चित्रातला इतिहासही तपासून घ्यावा लागतो. ‘करियर अँड आइव्ह्ज’च्या चित्रकर्त्री फॅनी पामर यांच्या ‘अक्रॉस द कॉन्टिनेंट’ या १८६८ च्या चित्रात पश्चिमेकडे निघालेल्या गाडीवर न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को असा थेट मार्ग लिहिलेला आहे, पण पूर्व-पश्चिमेचे रूळ अमेरिकेच्या युटा प्रांतातील प्रॉमंटरी येथे जुळले ते १० मे १८६९ रोजी. (म्हणूनच ते मला अधिक मोलाचे वाटते.)

चौकट उघडण्याचे आणखी एक कारण म्हणजे आतला पुठ्ठा. स्वस्त पुठ्ठ्यातील आम्लामुळे कागदावर तपकिरी पट्टा उमटतो, आणि चौकटीच्या मापात बसवण्यासाठी समास कापला असेल तर त्याबरोबर प्रकाशकाचे नाव व सालही गेलेले असते. विक्रेत्यांनी पावतीवर ‘मूळ छाप’, ‘मागाहून रंगवलेले’ किंवा ‘पुनर्मुद्रण’ यांपैकी काय ते स्पष्ट लिहून द्यावे, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक संग्राहक वाचक