फलकनुमाच्या दगडात आमचाही शेतसारा आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राजवाड्यांची हॉटेलं झाली त्यावर लेख आला होता. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र छापून आलं. 'निजामाच्या महालात हजारो रुपये मोजून झोपायला जाणं हा मराठवाड्याच्या हुतात्म्यांचा अपमान आहे. असले महाल पडले तरी आपलं काय जातं', असा त्या पत्राचा सूर होता. हा राग मला परका नाही, तो माझ्याच घरात वाढला आहे. पण मी दोन महिन्यांपूर्वी हैद्राबादच्या फलकनुमा महालात एक रात्र राहून आलो आणि माझं मत नेमकं उलट झालं.

आमचं मूळ गाव उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं, उमरग्याच्या अलीकडचं. या भागातली बरीच गावं पायगा जहागिरीत होती. पायगा म्हणजे निजामासाठी घोडदळ बाळगणारे उमराव. त्या फौजेच्या खर्चासाठी त्यांना गावंच्या गावं तोडून दिलेली. आमच्या गावचा शेतसारा पायगाच्या कचेरीत भरला जायचा. माझे आजोबा ओल्या-सुक्या दुष्काळातही तो भरत, इंग्रजी मुलखातल्या कलदार रुपयांत नव्हे, तर निजामाच्या हाली शिक्क्यात. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आपलं नाणं वेगळं होतं, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. 1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने आजोबा, आजी आणि सहा वर्षांचे माझे वडील रातोरात गाव सोडून सोलापूर मुलखात गेले. सप्टेंबरात भारत सरकारची पोलीस कारवाई झाली, 17 तारखेला निजाम शरण आला आणि दिवाळीच्या सुमारास ते परतले, तेव्हा घराची दारंसुद्धा जागेवर नव्हती. माळवदातल्या एका कोनाड्यात पत्र्याची डबी तेवढी शिल्लक राहिली. त्यात साऱ्याच्या पावत्या होत्या. त्यातली एक आज माझ्याकडे आहे, उर्दूतली, कडा पिवळ्या पडलेली.

माझा मुलगा हैद्राबादला नोकरीला आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आणि सूनबाईने फलकनुमाची एक रात्र आमच्यासाठी घेऊन ठेवली, आम्हाला न विचारता. एका रात्रीचं भाडं ऐकलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो, कारण निवृत्तीच्या वेळी माझा महिन्याचा पगार जवळपास तेवढाच होता. सौ. म्हणाली, "अहो, ज्यांना सारा भरला त्यांचं घर बघून तर येऊ." त्या वाक्यामुळे मी गेलो, आणि निघताना ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी हा रस्ता आमच्या भागातल्या माणसाच्या पायाखालचा. दवाखाना, बाजार, कोर्ट, सगळ्यासाठी आमची मागची पिढी हैद्राबादलाच जायची. पण चारमिनारच्या पलीकडे दक्षिणेला फारसं कुणी जात नसे. चारमिनारपासून पाचेक किलोमीटरवर दाट वस्ती, वेल्डिंगची दुकानं, रिक्षांची गर्दी, आणि त्यातून अचानक एक फाटक. आत गाडी सोडावी लागते आणि पुढचा चढ घोड्याच्या बग्गीतून जातो. मला वाटलं होतं की हे नाटक असेल. पण चढ वळत गेला तसा मागचा कर्ण्यांचा गोंगाट एकेक पदर उतरावा तसा उतरत गेला आणि शेवटच्या वळणावर नुसत्या टापा ऐकू येत होत्या. सत्तर लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या मधोमध इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. कोहेतूर नावाच्या टेकडीवर हा महाल बांधला तो बहुधा एवढ्यासाठीच. 'फलक' म्हणजे आकाश. फलकनुमा म्हणजे आकाशाचा आरसा.

1884 मध्ये याचा पाया घातला तो निजामाने नव्हे. पायगा घराण्यातल्या नवाब विकार-उल-उमरा यांनी हा स्वतःसाठी बांधला. ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे मेहुणे, पुढे राज्याचे पंतप्रधानही झाले. विल्यम वॉर्ड मॅरेट या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने केलेला आराखडा वरून विंचवासारखा दिसतो. संगमरवर इटलीचा, झुंबरं व्हेनिसची. काम सुमारे नऊ वर्षं चाललं. नवाबसाहेब त्यात इतके खर्चात गेले की अखेर 1897 च्या सुमारास महाल निजामाकडे गेला. म्हणजे आधी पायगाचा पैसा, मग निजामाचा पैसा. आणि दोन्ही पैसे आले कुठून? हैद्राबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, तीन कानडी आणि पाच आपले मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद.

महालातल्या सगळ्या दालनांचं वर्णन इथे करत नाही, ते लेखात आलं आहे. मला जिथे पाय अडले त्या दोनच जागा सांगतो. पहिली जेवणाचं दालन. एकाच टेबलावर 101 माणसांची पंगत बसते. 2017 मध्ये पंतप्रधानांनी परदेशी पाहुण्यांना जेवण दिलं ते याच महालात. सौ. एका टोकाला उभी राहिली, मी दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो. आम्हाला महाल दाखवणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आहिस्ता बोलिए." ती हळूच पुटपुटली, "पाय दुखताहेत का हो?" आणि ते मला शंभर फुटांवर स्पष्ट ऐकू आलं. आवाज कसा फिरेल याचा हिशेब करून छत आणि भिंती बांधणारे गवंडी, सुतार कोण होते, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण त्यांचं काम अजून बोलतं आहे. टेबलाच्या कडेवरून हात फिरवला तर लाकडाचा एक जोडसुद्धा बोटाला लागत नाही.

दुसरी जागा ग्रंथालय. अक्रोडाच्या लाकडाचं कोरीव छत, काचेच्या कपाटांत हजारो पुस्तकं. तिथे मी खिशातली पावती काढली. ते गृहस्थ जुन्या शहरातले, उर्दू मातृभाषा असलेले. त्यांनी चष्मा लावून ती दिव्याखाली धरली. "साहब, ये तो मालगुजारी की रसीद है," म्हणाले आणि वाचू लागले: गावाचं नाव, आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, रुपये हाली शिक्का, खाली पायगाचा शिक्का. माझ्या आजोबांचं नाव त्या छताखाली मोठ्याने वाचलं गेलं. मला बोलता येईना. सौ.ने माझा हात धरून ठेवला होता. त्या गृहस्थांनी पावती परत देताना दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाले की, पाहुण्यांना मी रोज नवाबांच्या गोष्टी सांगतो, आता तुमच्या गावाचीही सांगेन. त्यांनी मोबाईलवर पावतीचा फोटो मागून घेतला आणि मी आनंदाने दिला.

रात्री आम्ही गच्चीवर बसलो. खाली सगळं शहर दिव्यांनी भरलेलं, आणि आवाज म्हणून फक्त फलकनुमा स्टेशनातून सुटणाऱ्या लोकलची शिट्टी. पहाटे खालच्या मशिदींतून एकामागून एक अजान वर येत गेली. माझे आजोबा या टेकडीच्या पायथ्याशीसुद्धा उभे राहू शकले नसते, हा विचार मनातून जात नव्हता. पण त्या विचारात कडूपणा नव्हता. उलट वाटलं की बरं झालं ही इमारत उभी आहे. ती पडली असती तर मी ही पावती कुठे नेऊन वाचली असती?

आणि पडण्याच्या बेतात ती होतीच. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तिथे उतरले होते, त्यानंतर अनेक दशकं महाल बंद राहिला. 2000 साली ताज समूहाने दुरुस्तीला हात घातला, निजाम घराण्यातल्या राजकन्या एसरा यांनी जातीने लक्ष घातलं, आणि 2010 मध्ये हॉटेल सुरू झालं. दहा वर्षं लागली. गादीचं कापड, भिंतीवरचा कागद, खुर्च्यांचं चामडं, सगळं जुन्याबरहुकूम करून घ्यायचं तर तेवढी लागणारच. इतका खर्च सरकारी तिजोरीतून झाला असता असं मला तरी वाटत नाही. श्रीमंत पाहुणे पैसे देतात म्हणून ते झुंबर पुसलं जातं, ते छत गळत नाही. माझा मुलगा ते भाडं भरू शकला हे मी त्याचं भाग्य समजतो. सगळ्यांना ते जमणार नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी त्याच घराण्याचा चौमहल्ला महाल आहे. चारमिनारपासून चालत जाता येतो, तिकीट काढून कुणीही दिवसभर पाहू शकतो, आणि निजामाचा दरबार भरायचा तो दिवाणखाना तिथे समोरच आहे.

'पडले तरी आपलं काय जातं' असं म्हणणाऱ्या वाचकबंधूंना माझा प्रश्न आहे. आपल्या गावची गढी पडली तेव्हा आपण काय मिळवलं? माझ्या लहानपणी उभी असलेली तालुक्यातली कितीतरी गढ्यांची बुरुजं लोकांनी घराच्या पायासाठी दगड नेऊन संपवली. जहागीरदाराचा राग दगडावर निघाला, आणि पुढे शाळेतल्या मुलांना मला 'जहागीर म्हणजे काय' हे फळ्यावर चित्र काढून शिकवावं लागलं. नळदुर्गचा किल्ला संगोपनासाठी खाजगी हातात गेला तेव्हाही अशीच ओरड झाली होती. आज सुट्टीच्या दिवशी तिथे पावसाळ्यात नर-मादी धबधबा आणि पाणीमहाल बघायला बायाबापड्या, पोरंबाळं येतात, हे मी दरवर्षी पाहतो. वापरात असलेली वास्तू टिकते, एवढी साधी गोष्ट आहे.

हुतात्म्यांचा मान राखायचा तर माझी एक विनंती आहे, आपल्या वृत्तपत्रातून शिक्षण खात्यापर्यंत पोचली तर बरं. दर 17 सप्टेंबरला आमच्या शाळांत झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि मुलं घरी जातात. त्या महिन्यात उमरगा, उदगीर, देगलूर, बिलोली, सीमेलगतच्या या तालुक्यांतल्या नववी-दहावीच्या मुलांची एक सहल हैद्राबादला न्यावी. आधी चौमहल्ला दाखवावा, मग फलकनुमाची टेकडी बाहेरून का होईना दाखवावी, आणि तिथे उभं करून सांगावं की हे कुणाच्या घामातून झालं आणि आपण त्यातून कसे सुटलो. आमच्यापासून ते शहर मुंबईपेक्षा निम्म्या अंतरावर आहे. मुंबईला सहल जाते, मग हैद्राबादला का जाऊ नये?

दुसरी विनंती वाचकांना. मराठवाड्यात अजून कितीतरी घरांत अशा पावत्या, सनदा, उर्दू आणि मोडी लिपीतले कागद ट्रंकेत पडून आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते वाळवीला जातात किंवा रद्दीत. अलीकडे निजामकालीन कुणबी नोंदींसाठी लोक कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत, आणि घरातला कागद मात्र कुणी उलगडून बघत नाही. जुन्या शहरातल्या त्या गृहस्थांसारखं उर्दू वाचणारं माणूस आपल्याही गावात असतं, बहुधा दोन गल्ल्या सोडून. त्यांच्याकडे कागद घेऊन जावं, शेजारी बसून वाचून घ्यावा, मराठीत उतरवून ठेवावा.

माझ्या पावतीची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. शिक्क्याखालच्या ओळीतला शेवटचा शब्द शाई पसरल्याने ग्रंथालयातही लागला नव्हता. आपल्या वाचकांपैकी कुणाला लागला तर संपादकांमार्फत जरूर कळवावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
उमरगा, जि. धाराशिव