गाळ उपसण्याआधी पाणलोटाचा आराखडा करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की खान्देशातल्या तलावांत पोकलेन उतरतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य शासनाची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि ती उपयोगाची आहे. मात्र गाळ जिथून येतो, त्या डोंगरउतारांचा, गायरानांचा आणि शेतांचा आराखडा फार थोड्या ठिकाणी होतो. तो तिथल्या माणसांनी एकत्र बसून केला नाही, तर आज उपसलेला तलाव काही वर्षांत पुन्हा भरणार, हे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे.

हिशेब करून पाहा. १ हेक्टरवरून मातीचा १ मिलीमीटर थर वाहून गेला, तर १० घनमीटर माती जाते. पाणलोट, म्हणजे ज्या क्षेत्रावरचे पाणी तलावात उतरते ते, ३०० हेक्टरचे असेल, तर ३,००० घनमीटर, म्हणजे हजारावर ब्रास (एक ब्रास सुमारे २.८३ घनमीटर). त्यातली बरीच माती वाटेत नाल्यांत आणि बांधांशी अडकते. तरी निम्मी जरी तलावात उतरली, तरी ट्रॅक्टरच्या पाचशे ट्रॉल्या झाल्या. आणि हा फक्त एक मिलीमीटर.

पहिले काम हद्द आखण्याचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर तलावाला मिळणारे सगळे नाले वरपर्यंत शोधावेत आणि माथ्याची रेषा ओढावी. मग पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर शिवारफेरी करावी, कारण पाण्याने काढलेल्या घळी तेव्हाच ठळक दिसतात. पाणलोट गावाची शीव मानत नाही. तलाव एका गावाचा, उतार दुसऱ्याचा, मधले जंगल वन विभागाचे, असेच बहुतेक ठिकाणी असते. म्हणून ग्रामसभा एका गावाची न घेता सगळ्या गावांची एकत्र घ्यावी. तिथे वरचे कोरडवाहू शेतकरी, मच्छीमार संस्था, गाळपेर करणारे (पाणी ओसरल्यावर तलावाच्या उघड्या पडलेल्या जमिनीत पेरणारे), सरपण आणणाऱ्या बाया आणि मेंढपाळ असलेच पाहिजेत. ज्याच्या जनावरांवर बंदी येणार, त्याला न विचारता केलेला आराखडा पहिल्याच पावसाळ्यात मोडतो.

काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. बरड उतारावर ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला) घेतला, तर एका मीटरला १८० लिटर पाणी मावते. हेक्टरी ३०० मीटर चर म्हणजे ५४ हजार लिटर. पण ५० मिलीमीटरचा एकच पाऊस हेक्टरवर ५ लाख लिटर पाणी टाकतो. म्हणजे नुसत्या चरांवर भिस्त ठेवता येत नाही. गवत, झुडपे आणि नाल्यातले बांध सोबत लागतातच. चर फसतात ते बहुधा समपातळी चुकल्याने. नजरेच्या अंदाजाने खणलेल्या चरात पाणी एका टोकाला धावते, तिथे फुटते आणि नवी घळ पडते. हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणारे साधन) किंवा साध्या 'ए' फ्रेमने (ओळंबा लावलेली 'ए' आकाराची चौकट) रेषा आखावी, दर १५-२० मीटरवर थोडी जागा न खणता सोडावी, माती खालच्या अंगाला टाकावी आणि तिच्यावर लगेच गवताचे बी पेरावे. नाल्यातल्या अनघड दगडी बांधाचा मधला भाग काठांपेक्षा खोलगट हवा. तसा नसला की पाणी बाजूने काठ कापत जाते. काळ्या जमिनीत बांधबंदिस्ती करताना दगडी सांडवा सोडावाच लागतो, नाहीतर पाणी तुंबून बांध फुटतो.

खरा प्रश्न चराईचा आहे. गवत दाट असेल, तर माती जागच्या जागी राहते. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघडा डोंगर हिरवा केला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगलासाठी स्वतःचे नियम केले. बाहेरून आलेला कायदा दोन्हीकडे नव्हता, गावाचा निर्णय होता. पण सगळा डोंगर एकदम बंद केला, तर ठेलारी मेंढपाळांनी जावे कुठे? म्हणून डोंगराचे तीन-चार भाग पाडावेत आणि आळीपाळीने एकेक बंद ठेवावा. बंद भागात दिवाळीच्या सुमारास बी झडल्यावर गवत कापून न्यायला मुभा द्यावी, आणि चाऱ्याचा वाटा आधीच ठरवावा. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सामाईकपणे वापरण्याच्या जुन्या रीतीत, पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागल्या लाभधारकच नेमत आणि त्यांचा मोबदलाही तेच देत. असल्या व्यवस्था आपल्या मातीत रुजलेल्या आहेत. डोंगराच्या राखणीलाही तसा जागल्या नेमता येईल.

गाळ काढतानाही मर्यादा पाळावी. गाळ संपून मूळ तळ लागला की थांबावे. तळाचा चिकण थर फोडला, तर साठवणीचा तलाव गळू लागतो. पाळूच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्याशी तर खोदूच नये. वाळू उपसायला या योजनेत मनाई आहे. गाळ हलक्या, मुरमाड शेतात टाकावा. आधीच भारी काळ्या असलेल्या रानात तो टाकला, तर निचरा आणखी बिघडतो.

पाण्याच्या प्रतीचा विचार मागे पडतो, तोही आराखड्यात हवा. खतांतले फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून तलावात येते आणि शेवाळ माजवते. शेवाळ कुजले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि ढगाळ दिवसांत पहाटे मासे मरतात. म्हणजे माती अडवली की शेवाळालाही आळा बसतो. गावाचे सांडपाणी मात्र वेगळे अडवावे लागते. माणशी ५५ लिटर पाणी धरले, तर दोन हजार वस्तीत रोज १ लाख १० हजार लिटर वापरले जाते आणि त्यातले बरेचसे गटारात येते. मुरमाड जमिनीत शोषखड्डा चालतो. काळ्या मातीत तो तुंबतो, तिथे स्थिरीकरण तळे (सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या निवळू देणारे उथळ तळे) करावे. गाळपेर जमिनीवर फवारणी करू नये, कारण पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते.

निधी देताना शासनाने बांधकामाबरोबर पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचीही तरतूद करावी. फुटलेला चर त्याच पावसाळ्यात बुजवला, तर दोन मजुरांचे काम असते. पुढच्या वर्षी तिथे घळ असते. नोंदी गावानेच ठेवाव्यात: पर्जन्यमापक, सांडव्याजवळ रंगवलेली पातळीची पट्टी, मे आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी, आणि पाणी किती गढूळ आहे ते कळण्यासाठी २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली. शाळेतली मुले हे सगळे करू शकतात. या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात आणि पुढच्या वर्षी कोणत्या नाल्यावर पैसा घालायचा, हे ग्रामसभेने त्या पाहून ठरवावे.

आपले,
पाणलोट कामातील कार्यकर्ते, धुळे व जळगाव जिल्हा