व्यक्तिचित्राआधी पाणी रंगवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळीस वर्षे मी माणसांचे चेहरे रंगवतो आहे. बरेचसे गेलेल्या माणसांचे, घरच्यांनी आणून दिलेल्या पासपोर्ट फोटोवरून. फोटोत सावली काळी येते. खरी सावली तशी नसते, हे मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर शिकलो. सतराव्या वर्षी गुरुजींनी महिनाभर नुसतं पाणीच रंगवायला लावलं होतं. चेहऱ्याला हात लावायचा नाही! वैताग यायचा. एका सकाळी तलावातल्या संध्यामठ या जुन्या वास्तूच्या काळ्या दगडावर, सावलीच्या बाजूला, पाण्यावरून उसळलेला जांभळट उजेड दिसला. घरी येऊन आजीच्या चित्रात हनुवटीखाली तोच रंग लावला, आणि आजी बोलेल असं वाटलं.

आपल्या आबालाल रहिमानांनी वेगळं काय केलं? शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आला आणि इथल्या कोटितीर्थ तलावाच्या काठी चित्रं काढत रमला. त्यांची चित्रं टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. मी अजूनही जाऊन उभा राहतो.

हल्ली शिकायला येणारी पोरं मोबाईलवरचा फोटो पुढ्यात ठेवून थेट नाकडोळे काढतात. हात चांगला आहे त्यांचा, पण कातडी मेणासारखी होते. कलाशिक्षकांना विनंती, पोर्ट्रेटच्या वर्गाआधी मुलांना पंचगंगेच्या घाटावर न्या. आणि नगरवासीयांनो, कोटितीर्थात निर्माल्याच्या पिशव्या टाकू नका. त्या पाण्यात आम्हाला रंग बघायचे असतात.

आपला,
एक व्यक्तिचित्रकार, मंगळवार पेठ, कोल्हापूर